केफाने काय उत्तर दिलं?

सूरियातल्या अंत्युखियात केफा, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे. मग यरुशलेमेहून येशूचा भाऊ याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि तो हळूहळू अंग काढून घेऊ लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी विश्वासणारेही मागे सरले. शेवटी बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला. प्रेषित पौलाच्या खांद्याला खांदा लावून ज्याने ही मंडळी वाढवली, तो बर्णबा! पौलाने मग सगळ्यांच्या देखत केफाला तोंडावर विचारलं की, तू स्वतः यहुदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, तर त्यांनी यहुद्यांसारखं राहावं असा आग्रह कोणत्या तोंडाने धरतोस? पंगत टाळणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला उलगडून सांगायला नको. पौलाने गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, म्हणजे गलतीकरांस, लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा सगळा प्रसंग जेमतेम चार वचनांत उरकतो. एक गोष्ट मात्र दर वाचनात खुपते. केफाने काय उत्तर दिलं?

पौल ते सांगत नाही. बोलणं केफाशी सुरू होतं, ‘आपण जन्माने यहुदी’ असं म्हणत ते पुढे सरकतं, आणि माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही या मुद्द्यावर येईपर्यंत केफाचा चेहरा समोरून पार पुसला गेलेला असतो. पुढच्याच वाक्यात पौल गलतीकरांवर गरजतो, अहो बुद्धिहीन गलतीकरांनो! जुन्या हस्तलिखितांत अक्षरं एकाला एक चिकटून लिहिलेली, शब्दांमध्ये जागा नाही, अवतरणचिन्ह हा प्रकारच नाही. त्यामुळे केफाला उद्देशून केलेलं बोलणं नेमकं कुठे संपतं हे संपादकांना ठरवावं लागतं. कुणी चौदाव्या वचनाशी थांबतात, कुणी एकविसाव्यापर्यंत नेतात. ऐकणाऱ्याला तर अशी रेघ कुठेच दिसत नव्हती. अंत्युखियात केफावर उगारलेला शब्द गलतियात बसलेल्या माणसाच्या अंगावर केव्हा येऊन पडला, हे त्याला कळलंही नसेल.

पौल तो वाद जिंकला असता तर त्याने ते सांगितलं असतं, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं. त्याच अध्यायात थोडं आधी यरुशलेमेच्या भेटीची हकीकत आहे. तिथे याकोब, केफा आणि योहान यांनी आपल्याला आणि बर्णबाला उजवा हात दिला, हे सांगायला तो विसरलेला नाही. गरिबांची आठवण ठेवा, एवढीच त्यांची अट होती, हेही त्याने नोंदवलं आहे. जिथे शेवट आपल्या बाजूचा आहे तिथे तो शेवट सांगतो. अंत्युखियाच्या प्रसंगाला शेवट नाही. म्हणजे बहुधा हरलेल्या भांडणाची हकीकत त्याने पत्राच्या ऐन मोक्याच्या जागी ठेवली आहे. हे धाडस त्याने का केलं असेल, हा प्रश्न मला त्या पत्रातल्या कोणत्याही सिद्धांताइतकाच मोठा वाटतो.

ही पत्रं कशी ऐकली जात, ते आधी लक्षात घ्यायला हवं. पौल बोलत असे आणि लेखनिक लिहीत असे. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक स्वतःच डोकं वर काढून नमस्कार सांगतो. गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल लेखणी स्वतःच्या हातात घेतो आणि पाहा, किती मोठ्या अक्षरांत लिहितोय, असं म्हणतो. पत्र घेऊन जाणारा माणूस ओळखीचा असे आणि ते मोठ्याने वाचलं जाई. पपायरसवर सापडलेली त्या काळातली साधी घरगुती पत्रं अनेकदा शंभर शब्दांतच आटोपतात. गलतीकरांस पत्र मूळ ग्रीकमध्ये २,२०० शब्दांच्या पुढे जातं, रोमकरांस तर ७,०००च्या आसपास. म्हणजे गलतियातल्या कुणाच्या तरी घरात दाटीवाटीने बसलेल्या माणसांना वीस-पंचवीस मिनिटं सलग ऐकायचं होतं. मागे उलटून पाहायची सोय नव्हती. अशा ठिकाणी मुद्दा निसटला तर निसटला. प्रसंग मात्र धरून ठेवता येतो. कोण कुठे बसलं होतं, कोण उठलं, कोण काय म्हणालं, हे घरी जाताना एकमेकांना सांगता येतं.

न्यायालयात हकीकत कशी मांडावी याचे धडे तेव्हा शिकवले जात. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये क्विंटिलियनने लिहून ठेवलं की हकीकत स्पष्ट, आटोपशीर आणि पटण्याजोगी असावी. आटोपशीर म्हणजे न्यायाधीशाशी जिथून संबंध येतो तिथून सुरू करायची आणि पुरेसं झालं की थांबायचं. पौलाने हे कुठे शिकलं असेल ते असो, गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय या कसोटीला तंतोतंत उतरतो. त्याच्या विरोधकांचा आरोप काय होता ते त्याच्या उत्तरावरून ताडता येतं. याची सुवार्ता उसनी आहे, यरुशलेमेतल्या थोरांकडून घेतलेली आणि वर सोयीने पातळ केलेली. म्हणून पौल काळ आणि अंतर यांचा हिशेब मांडतो. हाक आल्यावर यरुशलेमेला गेलो नाही. अरबस्तानात गेलो, मग परत दिमिष्कात. तीन वर्षांनी केफाची भेट घ्यायला वर गेलो आणि त्याच्याकडे पंधरा दिवस राहिलो. प्रभूचा भाऊ याकोब सोडला तर दुसरा प्रेषित पाहिला नाही. मग सूरिया आणि किलिकिया. मग चौदा वर्षांनी पुन्हा यरुशलेम. मध्येच तो शपथ घालतो की देवासमक्ष सांगतो, मी खोटं बोलत नाही. अरबस्तानात काय केलं याबद्दल अक्षर नाही. पंधरा दिवस केफाशी काय बोलणं झालं, त्याबद्दलही नाही, आणि ते तर ऐकायला आपण जीव टाकला असता! पण त्याच्या कामाला एवढंच हवं होतं की दिवस मोजके होते आणि भेटलेली माणसं दोन.

हकीकतीचा धागा एका ठिकाणी मात्र सरळ सरळ तुटतो. पौलाचा सोबती तीत ग्रीक होता, त्याला सुंता करायला भाग पाडलं गेलं नाही, इथपर्यंत ठीक. पुढे, चोरून आत शिरलेल्या खोट्या बंधूंमुळे, असं वाक्य सुरू होतं, आणि त्या बंधूंचं वर्णन करता करता पौल ते पुरं करायला विसरतो. व्याकरण कोलमडतं आणि लेखनिकानेही ते सावरलेलं नाही. मग तो म्हणतो, आम्ही त्यांना क्षणभरही वश झालो नाही. इथे गंमत अशी की पाश्चात्त्य म्हटल्या जाणाऱ्या परंपरेतल्या काही जुन्या हस्तलिखितांत या वाक्यातला नकारच नाही, म्हणजे तिथे पौल क्षणभर वश झाला असा अर्थ होतो. मूळ पाठ नकाराचाच असावा याबद्दल आजचे संपादक जवळपास एकमत आहेत. पण नेमक्या याच जागी पाठ डळमळावा याचं मला नवल वाटत नाही. सांगणारा अडखळला की ऐकणाऱ्याला तिथे दडलेलं काहीतरी दिसू लागतं. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे नव्या करारातलं पुस्तक शेजारी ठेवून वाचलं तर शंका आणखी वाढतात. तिथे बर्णबा पौलाला हाताला धरून प्रेषितांकडे नेतो आणि पौल यरुशलेमेत उघडपणे वावरतो. दोन हकीकती एकमेकींवर नीट बसत नाहीत. मी पौलाला खोटा म्हणणार नाही. पण तो निवडून सांगतो आहे, आणि आरोपाला उत्तर देणाऱ्या माणसाने निवडून सांगावं हे त्याच्या ऐकणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

तरी अंत्युखियाचा शेवट गाळण्याचं कारण नुसती अडचण असेल असं मला वाटत नाही.

शैलीवरच्या एका जुन्या ग्रीक ग्रंथात, ज्याचा कर्ता देमेत्रियस मानला जातो, थिओफ्रास्टस या तत्त्वज्ञाचं एक मत दिलं आहे. सगळं बारकाईने सांगू नये, काही गोष्टी ऐकणाऱ्याने स्वतः ओळखाव्यात म्हणून सोडून द्याव्यात. गाळलेलं ज्याने स्वतः ओळखलं तो नुसता श्रोता उरत नाही, तो तुमचा साक्षीदार होतो, आणि तुमच्यावर प्रसन्नही होतो, कारण त्याची समज तुम्ही मानलीत. गलतियातली माणसं नेमक्या केफाच्या जागी उभी होती. बाहेरून आलेली माणसं त्यांना सांगत होती की सुंता करून घ्या, नाहीतर तुम्ही पुरते आत आलेले नाही. पौलाने केफाचं उत्तर सांगून टाकलं असतं, तर ती दूरच्या गावातली मिटलेली भानगड झाली असती. उत्तर न सांगितल्याने प्रश्न खोलीत तसाच लटकत राहतो आणि त्याचं उत्तर द्यायला केफा तिथे हजर नाही. हजर आहेत ते गलतीकर.

हीच रीत सगळ्यात नाजूक हाताने वापरलेली पाहायची तर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्यावं. पंचवीस वचनं, मूळ ग्रीक ३३५ शब्द. अनेसिम हा फिलेमोनाचा दास धन्यापासून दूर, तुरुंगातल्या पौलाजवळ आहे. पौल त्याला परत पाठवतो आहे आणि पत्र घेऊन बहुधा तोच उंबऱ्यात उभा आहे. रोमन कायद्यात अशा दासाची चामडी लोळवायचा, डाग द्यायचा धन्याला पूर्ण हक्क होता. आता पौलाने काय केलं ते क्रमाने पाहावं. पत्र एकट्या फिलेमोनाच्या नावाने नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि तुझ्या घरातली मंडळी यांनाही ते लिहिलं आहे, म्हणजे खासगी बाब चारचौघांत वाचली जाणार. मग फिलेमोनाच्या प्रेमाची स्तुती. मग, आज्ञा करू शकलो असतो पण विनंती करतो. मग, म्हातारा पौल, त्यात आता कैदी. आणि दहाव्या वचनात, माझ्या लेकरासाठी विनंती करतो, बेड्यांत असताना ज्याला मी जन्म दिला त्याच्यासाठी. ग्रीक वाक्यात नाव अगदी शेवटी येतं, अनेसिम. जवळजवळ निम्मं पत्र उलटेपर्यंत हे नाव उच्चारलेलंच नाही. ते कानावर पडतं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो पळालेला किंवा निसटलेला दास म्हणून येण्याआधी पौलाचं पोर म्हणून आलेला असतो.

आणि मूळ हकीकत? ती जवळपास नाहीच. अनेसिम का गेला, कसा गेला, त्याने काही उचललं होतं का, तो पौलापर्यंत कसा पोचला, यातलं काहीही पौल सांगत नाही. तो कदाचित याच कारणाने थोडा वेळ वेगळा झाला असेल, एवढंच म्हणतो. पळाला असं म्हणत नाही, वेगळा झाला असं म्हणतो, म्हणजे करणारा कोण ते गुलदस्त्यात राहतं आणि त्या मोकळ्या जागेत देवाचा हात दिसावा अशी सोय होते. नुकसानीबद्दल तो ‘जर’ वापरतो. त्याने तुझं काही वाईट केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. आणि स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी फेडीन. लगेच जोडतो की तू स्वतःच माझं देणं आहेस हे मी बोलत नाही! या मौनाला कायद्याचीही एक बाजू आहे. प्रोक्युलस नावाच्या रोमन कायदेपंडिताचं मत नोंदलेलं आहे की धन्याने रदबदली ऐकावी म्हणून त्याच्या मित्राकडे गेलेला दास फरारी धरू नये. अनेसिम फरारी होता की रदबदलीसाठी आला होता यावर आजही वाद चालतो, आणि तो चालतो याचं कारण पौलाने तोंड मिटून ठेवलं हेच आहे. गुन्ह्याचा तपशील एकदा सांगितला की क्षमेला माप लागतं. एवढ्याची क्षमा, तेवढ्याची नाही.

प्लिनी या रोमन लेखकाने पुढच्या पिढीत असंच एक पत्र लिहिलं. सबिनियानस नावाच्या ओळखीच्या गृहस्थाचा मुक्त केलेला दास त्याच्याकडे आला होता. प्लिनी सगळं सांगतो. तो माझ्या पायांवर कोसळला, खूप रडला, खूप विनवण्या केल्या, बराच वेळ गप्पही राहिला, त्याला खरा पश्चात्ताप झाला आहे याची खात्री पटली, मी त्याला चांगलं खडसावलं. तुझा राग रास्त आहे हेही तो मान्य करतो. पत्र देखणं आहे आणि कामाचंही ठरलं. सबिनियानसने ऐकलं म्हणून आभाराचं दुसरं पत्र प्लिनीच्या संग्रहात आहे. पण त्याच्या हकीकतीत दास पायाशी पडलेला आहे आणि पत्र संपतं तेव्हाही तिथेच आहे. पौलाच्या पत्रात अनेसिम रडत नाही, क्षमा मागत नाही, त्याचा पश्चात्ताप कुठे वर्णिलेला नाही. तो मुलगा आहे, काळीज आहे, दासापेक्षा अधिक असा प्रिय बंधू आहे, आणि त्याला माझ्यासारखाच समजून घरात घे अशी मागणी आहे. नंतर, मी सांगतो त्याहून अधिक तू करशील हे मला ठाऊक आहे. किती अधिक, ते पौल बोलत नाही. शेवटी, माझ्यासाठी खोली तयार ठेव, म्हणजे काय केलंस ते येऊन पाहणार आहे. आणि एपफ्रास, मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक असे पाच जण नमस्कार सांगतात.

इतकं कौतुक करूनही माझं मन इथे पुरतं निवत नाही. ३३५ शब्दांत अनेसिमचा स्वतःचा एकही शब्द नाही. त्याने आपली हकीकत कशी सांगितली असती हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्याची बाजू न मांडण्याने त्याचा जीव वाचला असेल, पण त्याच मोकळ्या जागेत पुढे कित्येक शतकं धन्यांनी आपल्याला हवं ते वाचलं. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात हेच पत्र पळालेल्या दासांना परत पाठवण्याच्या बाजूने पुढे केलं गेलं, आणि गुलामगिरीच्या विरोधकांनी त्यातल्याच सोळाव्या वचनावर बोट ठेवलं. शेवट ऐकणाऱ्याच्या हाती दिला की तो कोणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

याहून मोठी अडचण हागारेच्या कथेत आहे. गलतियात आलेले शिक्षक अब्राहामाची कथा सांगत असणार, कारण सुंतेची आज्ञा त्याच कथेत आहे. पौल तीच कथा त्यांच्या हातून काढून घेतो. अब्राहामाने विश्वास ठेवला हे सुंतेच्या आधीचं, नियमशास्त्र तर ४३० वर्षांनंतरचं, असा आधी काळाचा मुद्दा. मग अब्राहामाची दासी हागार आणि बायको सारा, दोन स्त्रिया, दोन करार. हागार म्हणजे सीनाय पर्वत, म्हणजे आताची यरुशलेम, दास्यात असलेली. सारा म्हणजे वरची, स्वतंत्र यरुशलेम. आणि शेवटी बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या सारेचं बोलणं, दासीला आणि तिच्या मुलाला घालवून दे. वाद म्हणून पाहिलं तर चाल जबरदस्त आहे, शत्रूचं हत्यार शत्रूवरच. पण मूळ कथेत अब्राहाम पहाटे उठून हागारेला भाकर आणि पाण्याची कातडी पिशवी देतो. बैर-शेब्याच्या रानात पाणी संपतं, ती पोराला एका झुडपाखाली टाकते आणि त्याचं मरण पाहायला नको म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते. मग देव मुलाचा आवाज ऐकतो. पौलाने यातलं काही घेतलं नाही. हागारेच्या मुलाची, इश्माएलाचीही सुंता झाली होती, तीही अब्राहामाच्या हातून, हेसुद्धा नाही. कथा कापताना माणसं कापली गेली आहेत. पुढच्या काळात या रूपकाचा रोख यहुदी लोकांवर वळवला गेला. पौल तर आपसातल्या वादात बोलत होता आणि स्वतः यहुदी होता. हा उतारा वाचून दाखवणाऱ्याने निदान उत्पत्तीचा एकविसावा अध्याय त्याच बैठकीत वाचावा असं मला मनापासून वाटतं.

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो स्वतःलाच कापतो, म्हणून ते मला जास्त जवळचं. तिथे काही प्रेषित शिफारसपत्रं आणि दर्शनांच्या कथा घेऊन आले होते. पौल त्यांना ‘अतिश्रेष्ठ प्रेषित’ म्हणतो. बढाई मारायचीच तर ऐका, म्हणत तो आकडे धडाधड ओततो. एक कमी चाळीस फटके पाच वेळा, छड्या तीन वेळा, दगडमार एकदा, जहाज फुटलं तीन वेळा, एक रात्र आणि एक दिवस खोल समुद्रात. एकाही फुटलेल्या जहाजाची गोष्ट सांगत नाही. मग एकदम वेग उतरतो आणि तो शपथेवर एकच प्रसंग सांगतो. दिमिष्कात अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने शहरावर पहारा ठेवला होता, तेव्हा मला तटाच्या खिडकीतून पाटीत बसवून खाली सोडलं. बस्स. करिंथ ही इसवी सनपूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने नव्याने वसवलेली रोमन वसाहत होती. शत्रूच्या तटावर सगळ्यात आधी चढणाऱ्या शिपायाला रोमन सैन्यात सोन्याचा मुकुट मिळे आणि त्याचा मोठा मान असे. तट चढणाऱ्यांच्या त्या दुनियेत हा माणूस तटावरून उतरलेल्याची गोष्ट सांगतो, तीही सामानासारखा पाटीत बसून.

लगेच पुढे चढण्याचीही गोष्ट आहे. चौदा वर्षांमागे एक मनुष्य तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला. देहात की देहाबाहेर, मला ठाऊक नाही, देवाला ठाऊक. हे तो दोनदा म्हणतो. हनोखाच्या नावावरच्या जुन्या यहुदी ग्रंथात अशा प्रवासांची वर्णनं पानंच्या पानं आहेत, भिंती, ज्वाळा, सिंहासन, देवदूतांच्या रांगा. पौलाच्या ऐकणाऱ्यांनी कान टवकारले असतील. आणि तो सांगतो की तिथे ऐकलेलं बोलता येत नाही. स्वर्गातलं काहीही नाही. त्याच्या जागी शरीरातला एक काटा, तो काय होता तेही नाही. तो निघावा म्हणून तीनदा केलेली विनवणी, आणि उत्तर नकाराचं, माझी कृपा तुला पुरे. दर्शनांची स्पर्धा लागलेली असताना वर पाहिलेलं सगळं झाकून फक्त नाकारलेली प्रार्थना उघडी करायची, याहून परिणामकारक मांडणी मला या सगळ्या पत्रांत दुसरी दिसत नाही.

पहिलं शतक संपता संपता रोमच्या मंडळीने याच करिंथकरांना पत्र धाडलं, ते क्लेमेंताच्या नावाने ओळखलं जातं. काही वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, करिंथकरांनी पदावरून काढलं होतं, त्यांना परत घ्यावं ही मागणी. इथे रीत अगदी उलटी आहे. मत्सराने काय होतं हे पटवायला काईन आणि हाबेल, याकोब आणि एसाव, योसेफ, मोशे, अहरोन आणि मिर्याम, दाथान आणि अबीराम, दावीद असे सात दाखले लागोपाठ. मग अलीकडचे, पेत्र आणि पौल. पुनरुत्थानासाठी फिनिक्स पक्षी, तोही साग्रसंगीत. तो ५०० वर्षं जगतो, ऊद आणि बोळाचं घरटं करून त्यात मरतो, कुजलेल्या मांसातून अळी निघते, तिला पंख फुटतात, ती जुनी हाडं अरबस्तानातून मिसरातल्या हेलिओपोलिसला नेऊन भरदिवसा सूर्याच्या वेदीवर ठेवते, आणि पुजारी नोंदी तपासून वर्षं जुळतात असं ठरवतात. पुजाऱ्यांच्या नोंदवहीपर्यंत सगळं सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. ६५ अध्यायांचं हे पत्र मला थकवतं. पण चोपन्नाव्या अध्यायात त्याला एकदम सूर सापडतो. तुमच्यात कोण थोर मनाचा आहे? तो म्हणो, माझ्यामुळे बंड झालं असेल तर मी निघून जातो, तुम्ही सांगाल तिथे जातो. दोषी माणसाच्या तोंडी द्यायचं वाक्य तयार करून ठेवलं आहे आणि ते बोलणाऱ्याची जागा रिकामी. करिंथचा बिशप दियोनिसियस याने १७०च्या सुमारास रोमला कळवलं की तुमचं ते पत्र आम्ही अजून मंडळीत वाचतो.

दुसऱ्या शतकात पत्रातून येणाऱ्या हकीकती हुतात्म्यांच्या होऊ लागल्या आणि तिथे सांगण्याचा धोका वाढला. आशिया प्रांतातल्या स्मुर्णाच्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला आपला बिशप पोलिकार्प याच्या मृत्यूची हकीकत लिहून पाठवली. म्हातारा बिशप आधी एका मळ्यात, मग दुसऱ्यात लपतो, छळ केलेल्या पोरामुळे सापडतो, पकडायला आलेल्यांना जेवण वाढायला सांगतो, प्रार्थनेला एक तास मागतो आणि दोन तास उभा राहून करतो. मग ८६ वर्षं ज्याची सेवा केली त्या राजाची निंदा कशी करू, हे ते प्रसिद्ध उत्तर आणि आग. अशी हकीकत ऐकून तरुणांनी उठून न्यायासनाकडे धाव घेतली तर? लिहिणाऱ्यांना ही भीती होती. म्हणून पोलिकार्पाच्या आधी, चौथ्या अध्यायात, त्यांनी क्विंतस ठेवला. फ्रुगियातून नुकताच आलेला हा माणूस आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे ढकललं, आणि श्वापदं दिसताच घाबरला. अधिकाऱ्याने गळ घालून त्याच्याकडून शपथ आणि अर्पण करवून घेतलं. म्हणून आपण होऊन स्वाधीन होणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, असं पत्र स्वच्छ सांगतं. चार ओळींचा हा क्विंतस काढून टाकला तर उरलेल्या पत्राचा अर्थच बदलतो.

त्याच आशिया प्रांतात काही दशकांनी अरियस अंतोनिनस नावाचा अधिपती छळ करत असताना एका शहरातले सगळे ख्रिस्ती एकजुटीने त्याच्या न्यायासनापुढे येऊन उभे राहिले. त्याने थोड्यांना शिक्षेला पाठवलं आणि बाकीच्यांना म्हणाला, अभाग्यांनो, मरायचंच असेल तर उंच कडे आहेत, दोर आहेत. ही हकीकत तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने २१२च्या सुमारास आफ्रिकेचा अधिपती स्कापुला याला लिहिलेल्या पत्रवजा मजकुरात आली आहे, आणि तिथे ती छळ थांबवण्याच्या बाजूने कामाला लावली आहे. आम्हीही इथे असंच करायचं ठरवलं, तर एवढ्या हजारो माणसांचं, बायकापुरुषांचं, सगळ्या वयांच्या आणि दर्जांच्या लोकांचं तू काय करणार? किती आगी, किती तलवारी लागतील? तर्तुलियन पुढे स्कापुलाला सांगतो की त्या गर्दीत प्रत्येकाला आपापले नातलग आणि सोबती ओळखू येतील, आणि कदाचित तुझ्याच दर्जाची माणसंही तुला दिसतील.